माळ्यावरचा पसारा मागावर चढवा

आधी एकच सांगते, डबे विकत आणू नका. मी आणले होते. झाकणवाले, आरपार दिसणारे, एकावर एक बसणारे असे बारा डबे, आणि त्यात लोकर, दोरे, कापडाचे तुकडे, मणी, बटणं सगळं भरून माळ्यावर चढवलं आणि पुढची दोन वर्षं ते तिथंच राहिलं, आधी पिशव्यांत होतं ते आता डब्यांत होतं एवढाच काय तो फरक. पसारा तेवढाच, वर डब्यांचे पैसे. ह्या वेळी मी उलटं केलं, म्हणजे आधी काय विणायचं ते पक्कं केलं आणि मग त्या हिशोबानं सामान काढलं. तेव्हा कुठे माळा रिकामा झाला. म्हणून ही पोस्ट आवरण्याची पण आहे आणि विणायची पण, मला आता ते दोन वेगळे करताच येत नाहीत.

विणायचं काय? बस्कर. लहानपणी आमच्याकडे कोणी आलं की आजी "अगं बस्कर टाक" म्हणायची, तेच ते, एका माणसाला बसायपुरतं. आता खाली कोण बसतं म्हणाल, पण पूजेला बसतो, योगासनं करतो, गॅलरीतल्या थंड फरशीवर चहा घेऊन बसतो, खुर्चीवर टाकतो, झालंच तर मांजर बसतं. नवीन शिकणाऱ्याला हे माप एकदम बरोबर आहे. स्टोल वगैरे करायला गेलात तर बारीक सूत लागतं, लांब ताणा लागतो, आणि पहिल्याच दिवशी गुंता होऊन तेही सामान माळ्यावर जातं. बस्कर जाड मालाचं होतं, चुका दिसत नाहीत, आठवड्यात संपतं. आणि मुख्य म्हणजे पसाऱ्यातलं सगळ्यात निरुपयोगी जे असतं, जुनी सुती पातळं म्हणजे साड्या आणि उरलेसुरले लोकरीचे गुंडे, ते ह्यातच खपतं.

विणकाम म्हटलं की आपल्याकडे लोकांना दोन सुया आणि स्वेटर आठवतो, तर तसं नाही, हे मागावरचं विणणं. उभे धागे म्हणजे ताणा, आडवे म्हणजे बाणा. माग घरीच करायचाय, घाबरू नका, ती एक लाकडी चौकट असते बस.

आता आवरायचं.

हॉलमध्ये जुनी चादर अंथरा आणि सगळं म्हणजे सगळं त्यावर ओता. ड्रॉवरमधलं, पलंगाखालचं, शिलाई मशीनच्या पोटातलं. आणि इथे बहुतेक सगळ्याजणी जी चूक करतात ती करू नका, रंगांप्रमाणे लावत बसू नका. रंगांप्रमाणे लावलं की फोटो छान येतो, पण विणायला बसल्यावर कळतं की त्या सुंदर निळ्या ढिगात एक सुती आहे, एक अ‍ॅक्रिलिक आहे, एक खरी लोकर आहे आणि एक रेशमासारखं काहीतरी सुळसुळीत आहे, चारही वेगळे ताणतात, वेगळे आटतात. ढीग करायचे ते मालाप्रमाणे आणि जाडीप्रमाणे. रंग नंतर.

लेबल केव्हाच हरवलेलं असतं, मग माल ओळखायचा कसा? जाळून. स्टीलची ताटली घ्या, बोटभर दोरा चिमट्यात धरा, काडी लावा, खिडकी उघडी ठेवा आणि पोरांना बाहेर पाठवा. सुती दोरा कागदासारखा भुरुभुरु जळतो, वास पण जळक्या कागदाचा, आणि खाली मऊ राखाडी राख पडते. खऱ्या लोकरीला केस जळल्यासारखा घाण वास येतो आणि काडी लांब केली की ती आपणहून विझते, राख बोटानं चुरडली जाते. अ‍ॅक्रिलिक वितळतं, काळा धूर येतो आणि शेवटी कडक मणी उरतो, तो लगेच हात लावू नका, चांगलाच भाजतो, अनुभव आहे. माझ्याकडे 'प्युअर वूल' म्हणून जपून ठेवलेला एक जांभळा गुंडा होता, दहा वर्षं त्याच्यात कडुनिंबाचा पाला घालत होते, तो जाळला तर टपकन मणी. हसावं का रडावं.

हे कळणं महत्त्वाचं का, तर कसर लागते ती खऱ्या लोकरीला आणि रेशमाला. अ‍ॅक्रिलिकला तिचं काही घेणंदेणं नसतं. त्यामुळे जपायचं ते फक्त खऱ्या लोकरीला जपा. भोकं किंवा बारीक जाळी दिसली तर तो गुंडा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून फ्रीजरमध्ये टाका, खालच्या फ्रीजमध्ये नाही, वर बर्फाच्या कप्प्यात, आणि चांगले चार-पाच दिवस ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, पाणी सुटतं, खोलीच्या हवेला आली की मगच उघडा. (आमच्याकडे मटारच्या पिशवीशेजारी हिरवी लोकर ठेवली होती, पुढचं सांगत नाही.) नंतर उशीच्या जुन्या अभ्र्यात घालून ठेवायची. पावसाळ्यात हवाबंद डब्यात दमट माल कोंडला की त्याला कुबट वास धरतो, म्हणून म्हणते, डबे नकोत, अभ्रे बरे.

अर्धवट कामांचा एक वेगळा ढीग होईलच. प्रत्येकीचा होतो, लाजू नका. माझा नियम असा आहे की सुईवर किंवा क्रोशाच्या आकड्यावर असलेलं काम कोणासाठी होतं आणि पुढची ओळ काय होती हे दोन्ही आठवलं तर ठेवायचं, नाहीतर उसवायचं. मी एक बाळाचं जॅकेट उसवलं, ते बाळ आता आठवीत आहे. उसवलेली लोकर नूडल्ससारखी होते, ती तशीच गुंडाळू नका. खुर्चीच्या पाठीला गोल गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बुडवून न पिळता वाळत टाका, खरी लोकर असेल तर छान सरळ होते. अ‍ॅक्रिलिक तेवढं ऐकत नाही, पण बस्करात ते दबून जातं, चालतं.

मग स्वयंपाकघरातला वजनकाटा आणा. हे फार कमी जणी करतात आणि ह्याच्याइतकी उपयोगाची गोष्ट दुसरी नाही. उरलेल्या गुंड्यात किती मीटर आहे ते कोणाला मोजायला वेळ आहे, पण वजन अर्ध्या मिनिटात होतं. चिठ्ठीवर लिहायचं, "सुती, जाड, १४० ग्रॅम", आणि गुंड्यात खोचायचं. एका बस्कराला आडवा माल साधारण दीडशे ते दोनशे ग्रॅम लागतो, तर लगेच कळतं की ह्याचं होईल, त्याचं नाही होणार, ते दोन मिळून होईल. मग ढीग म्हणजे ढीग राहत नाही, तीन बस्करं आणि एक पायपुसणं असा दिसायला लागतो.

बाकीचं पटकन. आकडे चष्म्याच्या जुन्या खोक्यात मस्त बसतात. सुया लोकरीच्या गुंड्यात खोचून ठेवू नका, कधीतरी बसाल त्यावर. हातभरापेक्षा लहान तुकडे जमवून उशीत नाहीतर सुया टोचायच्या गादीत भरा. बटणं एका बरणीत, आणि ती बरणी परत उघडायची नाही, बटणांच्या बरणीत दुपार जाते.

पातळ फाडायचं

आता गंमत. सुती पातळ घ्या, आईचं, आजीचं, जे नेसून नेसून मऊ झालंय पण विरलेलं नाही. विरलेलं कसं ओळखायचं, तर दोन्ही हातांत धरून जरा झटका द्या, कागदासारखं टर्रकन गेलं तर ते मागावर टिकणार नाही, त्याचं फडकं करा. झटक्याला तग धरलं तर चालेल. काठ आधी कापून बाजूला काढा, काठ जाड असतो आणि विणीत एकदम दांडगाई करतो. जरतार असेल तर ती पण काढा, बसताना टोचते.

मग पाच-साडेपाच मीटरचं पातळ तीन भागांत कापा, म्हणजे दोन मीटरच्या आतबाहेरचे तीन तुकडे होतील, सबंध पातळ फाडायला समोर दुसरा माणूस लागतो आणि आमच्या घरचा दुसरा माणूस तेव्हा नेमका मॅच बघत असतो. प्रत्येक तुकड्याच्या टोकाला दर ३ सेंमीवर कात्रीनं छोटी चीर द्या आणि लांबीच्या दिशेनं फाडा. पण पूर्ण फाडायचं नाही, पलीकडच्या टोकाला दोन बोटं राहिली की थांबायचं. पुढची चीर त्या पलीकडच्या टोकानं द्यायची आणि अलीकडे दोन बोटं सोडायची. असं नागमोडी करत गेलं की सगळ्या तुकड्याची एकच अखंड पट्टी होते, शिवत बसायला नको. वळणावर जरा कोपरा निघतो, तो कात्रीनं गोल करा नाहीतर तसाच सोडा, मी सोडते, विणीत दिसत नाही. एका पातळात जवळजवळ २०० मीटर पट्टी निघते आणि एका बस्कराला मला ६०-६५ मीटर लागली, म्हणजे एका पातळात तीन होतात आरामात.

हे गॅलरीत करा आणि नाकाला ओढणी बांधा. सुती कापड फाडताना इतका भुसा उडतो की संध्याकाळी माझ्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. सिंथेटिक साडी असली तर फाडायच्या भानगडीत पडू नका, ती सरळ फाटत नाही, कात्रीच लागते.

दोन पट्ट्या जोडायच्या कशा? सुई-दोरा नको, गाठ तर अजिबात नको, गाठ बसताना कळते. दोन्ही पट्ट्यांच्या टोकाजवळ, टोकापासून बोटभर आत, अर्धा इंच उभी चीर द्या, शर्टाच्या काजासारखी. नव्या पट्टीचं टोक जुन्या पट्टीच्या काजातून बाहेर काढा. मग नव्या पट्टीचं दुसरं टोक, म्हणजे लांबचं सुटं टोक, तिच्या स्वतःच्याच काजातून ओवून सगळी पट्टी ओढून घ्या. दोन काजं एकमेकांत अडकून चपटी बसतात. हे लिहून वाचायला भयंकर वाटतं, हातात दोन चिंध्या घेऊन एकदा करा, दुसऱ्यांदा बघावं लागणार नाही. फक्त ओवायचं टोक सुटं पाहिजे, त्यामुळे ह्या जोडाला नवी पट्टी गुंडाळलेली चालत नाही, आधी जोडायचं मग गुंडाळायचं.

उरलेली लोकर घालायची असेल तर एक पदर घालू नका, चार-पाच पदर एकत्र धरा, जाडी साधारण पट्टीएवढी झाली पाहिजे. नाहीतर एक पट्टा जाड आणि एक पट्टा बारीक, पाटावरवंट्यावर बसल्यासारखं होतं.

चौकट आणि चुका

पहिल्यांदा मी फोटोची जुनी फ्रेम घेतली होती. दिसायला छान, पण सगळे उभे धागे ताणून झाल्यावर ती मधून वाकली, वरची पट्टी धनुष्य झाली, आणि मधले धागे सैल, कडेचे घट्ट. एक धागा काय ओढतो हो, पण सत्त्याहत्तर मिळून बरंच ओढतात. तर फोटो फ्रेम नको. सुताराकडून दीड इंच बाय एक इंच लाकडाची साधी चौकट करून घ्या, बाहेरून बाहेर ७० बाय ५० सेंमी, कोपरे स्क्रूनं पक्के.

खिळे लागतात ते बारीक, डोकं लहान असलेले, इंचाचे. हार्डवेअरच्या दुकानात ह्यांना चुका म्हणतात. मी काउंटरवर "बारीक खिळे, पण खिळे नको, अजून बारीक" असं काय काय सांगत होते तर तो म्हणाला, "ताई, चुका पाहिजेत तुम्हाला." म्हटलं, त्या घरी भरपूर आहेत. पाव किलो घेतल्या.

वरच्या आणि खालच्या पट्टीवर मधोमध ३८ सेंमी आखून दर सेंमीवर एक अशा ३९ चुका वर आणि ३९ खाली ठोका. सगळ्या एका रेषेत ठोकल्या तर लाकूड चिरतं, म्हणून एक जरा वर, एक जरा खाली, अशा दोन ओळींत ठोका. आणि प्रत्येक जराशी बाहेरच्या बाजूला कलती असू दे म्हणजे दोरा निसटत नाही. वरच्या आणि खालच्या चुकांमध्ये ६६ सेंमी अंतर ठेवा, त्यात ५० सेंमीचं बस्कर आणि दोन्हीकडे ८-८ सेंमी दशांना, म्हणजे टोकांना सुट्या राहणाऱ्या धाग्यांना.

ताण्याला दोरा कुठला, तर २ मिलीमीटरचा सुती, मॅक्रमेसाठी, म्हणजे गाठी मारून शोभेच्या वस्तू करतात त्यासाठी, मिळतो तो. लोकर ताण्याला वापरू नका, ती रबरासारखी लांबते, विणताना घट्ट वाटते आणि काढल्यावर सगळं आकसून येतं. दोरा बघायची साधी रीत म्हणजे दोन हातांत धरून जोरात ओढायचा, तुटला तर गेला, लांबला तरी गेला. हिशोब असा की धागे होतात ७७, प्रत्येक ६६ सेंमी, म्हणजे ५१ मीटर, गाठीबिठी धरून ६० घ्या.

खालच्या पहिल्या चुकेला दोरा बांधायचा, वरच्या पहिलीवरून घालून खाली दुसरीला, मग वर दुसरीला, असं शेवटपर्यंत नागमोडी. ताण सारखा पाहिजे, हेच खरं कौशल्य आहे आणि ते सांगून येत नाही. बाज विणताना बघितली असेल तर ती कशी, घट्ट पण दगड नाही. सगळं लावून झालं की मधोमध तळहात ठेवून दाबायचं, सेंमीभर आत जाऊन परत वर आला की बरोबर. एखादा धागा सैल असेल तर तेवढा ओढून तो सैलपणा पुढे पुढे सरकवत शेवटपर्यंत न्यायचा आणि शेवटची गाठ परत मारायची. कंटाळा करू नका इथे, खरंच.

घोंगडीचा ताणा लावताना त्याला चिंचोक्यांची खळ देतात, कारण हातकताई लोकरीला तुसं असतात आणि उभे धागे एकमेकांना चिकटतात, खळीनं ती दबतात आणि धागा कडक होतो. आपला मॅक्रमेचा दोरा गुळगुळीत असतो, त्याला काही लागत नाही. मी हौसेनं एकदा खळ करून लावली होती, मुंग्या आल्या.

विणायला बसायचं

चौकटीचं खालचं टोक मांडीवर, वरचं टेबलाच्या कडेला. एक लाकडी पट्टी घ्या, दोन इंच रुंद आणि पन्नासेक सेंमी लांब, पॉलिश पेपरनं गुळगुळीत केलेली. ती उभ्या धाग्यांमधून एकाआड एक ओवा, पहिला पट्टीच्या वर, दुसरा खाली, असं शेवटपर्यंत. आता पट्टी आडवीची उभी केली की धाग्यांमध्ये फट पडते, त्या फटीतून बाणा सरळ जातो. झाली एक ओळ.

दुसऱ्या ओळीला उलटे धागे वर यायला पाहिजेत, आणि प्रत्येक वेळी हातानं ओवत बसलात तर दोन दिवसांत सोडून द्याल. त्यासाठी एक गोल काठी घ्या, जुना पडद्याचा बारीक रॉड चालतो. पट्टीच्या खाली गेलेले जे ३८ धागे आहेत त्या प्रत्येकाला एक दोऱ्याचा फास घालायचा आणि सगळे फास त्या काठीत ओवायचे. फास सगळे एकाच लांबीचे पाहिजेत, म्हणून ते चार इंच रुंद पुठ्ठ्यावर गुंडाळून, गाठ मारून, मोजून करा. आता पट्टी आडवी करून वर सरकवून ठेवली आणि काठी उचलली की ते ३८ धागे वर, दुसरी फट तयार. पट्टी उभी, काठी उचल, पट्टी उभी, काठी उचल, एवढंच आहे. हातमागावर हे पायानं पावड्या दाबून होतं, आपल्याकडे पाय मोकळेच.

बाणा फटीतून न्यायचा तो धोटा, तो पुठ्ठ्याचा करा, वीतभर लांब, दोन्ही टोकांना खाच, त्यात पातळाची पट्टी गुंडाळा. फार गुंडाळलीत तर फटीतून जात नाही, चार-पाच मीटर पुरे. ठोकायला जेवणाचा स्टीलचा काटा. महागड्या फण्या मिळतात, मी घेतली नाही, घरात काटे पडून असतात, आपण हातानंच जेवतो.

सुरुवातीला चुकांपासून ८ सेंमी वर चार-पाच ओळी ताण्याच्याच दोऱ्याच्या घाला, तो पाया, त्यानं धागे सारख्या अंतरावर बसतात. मग पातळाची पट्टी सुरू. सुरुवातीचं टोक चार बोटं बाहेर ठेवा आणि पुढच्या ओळीच्या फटीत वळवून दाबून टाका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. माझं पहिलं बस्कर खाली पंधरा इंच होतं, मध्ये अकरा, आणि वर परत चौदा. डमरू. सासूबाई म्हणाल्या, "शंकराला वाहा." झालं होतं असं की प्रत्येक ओळ मी सरळ ओढून घट्ट बसवत होते. बाणा काय सरळ जात नाही, तो प्रत्येक धाग्याच्या वरून खालून वळसे घेत जातो, त्याला त्या वळशांपुरती जास्त लांबी लागते, ती आपण दिली नाही की तो कडेच्या धाग्यांना आत ओढून ती वसूल करतो. म्हणून पट्टी फटीतून घातली की सरळ ओढायची नाही, ती डोंगरासारखी कमानदार ठेवायची, मध्ये तीन-चार बोटं उंच, दोन्ही कडांना खाली टेकलेली. मग काट्यानं आधी डोंगराच्या शेंड्याला दाबायचं, मग दोन्ही बाजू, आणि शेवटी सगळी ओळ ठोकून बसवायची. कडेला पट्टी वळते तिथे बोट घालून ठेवायचं, बोटाएवढी फट राहिली तरी ठोकल्यावर बसते. दर चार बोटं विणून झाली की मोजपट्टी लावा. ३८ चे ३७ झाले तर चालेल. ३६ झाले तर दात-ओठ खाऊन उसवा. पुढे सुधारेल असं वाटतं ते सुधारत नाही, धागे एकदा आत आले की आतच येत राहतात.

डिझाइनच्या मागे पहिल्या वेळी लागू नका. आडवे पट्टे करा, रंग बदलायचा तर ओळ संपता संपता बदला. "मला मधे एक चौकोन हवाय" असं प्रत्येकीला वाटतंच, पण एका ओळीत दोन रंग उभ्या रेषेत भेटले की तिथे चीर पडते, दोन्ही रंग आपापल्या धाग्यावरून परत फिरतात आणि मधे भोक राहतं. पैठणीत हेच सोडवलेलं असतं, पदरावर प्रत्येक रंगाची वेगळी कांडी असते आणि दोन रंग भेटतात तिथे ते एकमेकांत अडकवून परत फिरवतात, म्हणून खऱ्या हातमागाच्या पैठणीची उलट बाजू पण सुलटीसारखीच स्वच्छ दिसते, मागे लोंबते धागे नसतात. येवल्याला कधी गेलात तर नुसती खरेदी करून येऊ नका, मागाशेजारी दहा मिनिटं उभ्या राहा. आपल्या बस्करात पण ते जमतं, दोन पट्ट्या एकमेकींच्या गळ्यात घालून परत फिरवायच्या, पण ते तिसऱ्या बस्कराला.

रोज अर्धा-पाऊण तास बसलं की आठवडाभरात होतं. मी टीव्हीसमोर बसते, मालिकेत लक्ष द्यावं लागत नाही आणि विणीतही. शेवटचे दोन-तीन इंच छळतात. धागे ताणून इतके घट्ट होतात की पट्टी उभीच होत नाही, धोटा जात नाही. मग लाकडी पट्टी आणि काठी दोन्ही काढून टाका आणि दाभण घ्या, पोती शिवायची, त्यात पातळाची पट्टी ओवून एकाआड एक हातानं भरा. हळू होतं, पण होतं. शेवटी परत चार-पाच ओळी दोऱ्याच्या.

उतरवायचं

सगळे धागे एकदम कापू नका. कापलेत तर ताण गेल्यागेल्या शेवटच्या ओळी सुटून पसरतात आणि मग नुसती धावपळ होते. एका कडेनं चार धागे कापायचे, त्यांची विणीला चिकटून गाठ मारायची, मग पुढचे चार. ७७ धागे आहेत म्हणजे चारचारच्या अठरा गाठी आणि शेवटची पाचाची. वरची बाजू झाली की तसंच खाली. ह्या गाठीखाली ज्या सुटतात त्या दशा, सारख्या कापा, मला दोन बोटं बऱ्या वाटतात, लांब ठेवल्या की केरसुणीत अडकतात.

मागच्या बाजूला पट्ट्यांची टोकं बाहेर आली असतील तर दाभणानं आत ढकला. एकदा थंड पाण्यात भिजवून, न पिळता, सपाट जागेवर वाळवा, उन्हात टांगलं तर एक कोपरा लांबतो. माझं लांबीला पाऊण इंच आटलं. जुनं पातळ असेल तर रंग जायचा तेवढा केव्हाच गेलेला असतो, पण नवीन कापडाचे तुकडे घातले असतील तर आधी ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून बघा, विशेषतः लाल आणि गडद निळा.

चौकट माळ्यावर ठेवू नका मात्र. दाराच्या मागे उभी ठेवा, आणि शक्य झालं तर त्याच दिवशी दुसरा ताणा लावून टाका, कारण रिकामी चौकट दिसली की तिच्यावर टॉवेल वाळायला लागतात. माझ्या चौकटीवर आत्ता ७७ धागे ताणून तयार आहेत, आडव्याला आईचं मोरपंखी पातळ फाडायचं का नाही ते ठरत नाहीये. दोनदा कात्री घेतली आणि परत ठेवली. जाऊबाईंकडे खणाचे तुकडे आहेत म्हणे पिशवीभर, रविवारी येणार आहेत, तोवर बघू.